मोटेचं कातडं

आमच्या घरात आजोबांच्या कामाबद्दल बोलायचं नाही, हा आईचा कायदा होता. नगरला मिशनच्या आवारामागे दोन खोल्यांत आम्ही राहायचो. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर. पहाटे लष्कराच्या बाजूनं बिगुल ऐकू यायचा, मग चर्चची घंटा, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि या तिन्ही आवाजांनंतरही जो अंथरुणात सापडेल त्याची खैर नसायची. आई घर इतकं लख्ख ठेवायची की आलेल्या माणसाला पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडे. आपल्याकडे कुणी बोट दाखवता कामा नये, एवढंच तिचं म्हणणं. कोण दाखवणार होतं आणि कशासाठी, हे मला फार उशिरा कळलं.

आजोबा त्या स्वच्छतेत बसत नसत. ते बाबांचे वडील. तरुणपणी गावोगाव फिरून मोटा शिवायचे. विहिरीतून बैलांकडून पाणी ओढून घ्यायची ती चामड्याची मोठी पिशवी म्हणजे मोट. माझ्या नातीनं ती पाहिलेली नाही, म्हणून सांगावं लागतं. धर्म बदलला, मुलगा मास्तर झाला, तरी आजोबांचे हात रिकामे राहायला तयार नव्हते. घरामागे शेवग्याखाली पोतं टाकून ते आवारातल्या लोकांच्या वहाणा दुरुस्त करून देत. लोक गुपचूप आणून द्यायचे, गुपचूप न्यायचे आणि रविवारी त्याच वहाणा घालून आमच्याकडे न बघता चर्चच्या पुढच्या बाकावर जाऊन बसायचे. मी एरंडेलाची वाटी धरून आजोबांच्या शेजारी बसायचे. "अंगठ्यानं चोळ पोरी. पितंय तोवर पाजत राहा. तेल गेलं की कातडं गेलं," असं ते म्हणायचे आणि माझा अंगठा आपल्या हातात धरून चोळून दाखवायचे. ते वारले तेव्हा मी दहा वर्षांची होते. कातडं कापायची रापी, टोचायची आरी आणि धार लावायचा दगड असलेली त्यांची पत्र्याची पेटी चार दिवसांत बाजेखालून नाहीशी झाली. विचारलं तर आई म्हणाली, "भंगारवाल्याला देऊन टाकली. आणि कुणी विचारलं मूळचे कोण, तर सांगायचं, मास्तरांची मुलगी. त्याच्यापुढे बोलायचं नाही." त्या पेटीसाठी मी आईवर कित्येक वर्षं राग धरला होता.

बहात्तरच्या दुष्काळात मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. आमच्या मिशनची एक तुकडी जामखेडच्या पलीकडे बोअर पाडायचं मशीन घेऊन निघाली होती. आमच्या चर्चचे धर्मगुरू साळवे पाळक तिचे प्रमुख. गावातल्या बायकांशी बोलायला एक मुलगी हवी म्हणून त्यांनी बाबांना विचारलं. सेवा करायची तळमळ वगैरे मला होती असं आज लिहिलं तर चर्चच्या मासिकात शोभेल, पण खरं सांगायचं तर मला त्या लख्ख घरातून बाहेर पडायचं होतं. आईनं निघताना दोन लुगडी, एक बायबल आणि एक सूचना दिली. "कुणाच्या चुलीपाशी आपणहून जाऊ नको. बोलावलं तर आधी दाराशी थांबायचं." मी मनात म्हटलं, हिला सगळ्या जगाचाच संशय.

गावात पोचलो तेव्हा कळलं की जगालाही आमचा कमी संशय नव्हता. ट्रकमधून उतरलेलं मशीन बघायला सगळं गाव जमलं होतं, पण वीस हातांवर. एक म्हातारा मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "आदी पानी पाजत्यात, मग डोक्यावर शिपडत्यात." गावातली बरीच माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. विहिरींच्या तळाशी गाळाचा चिखल उरला होता. तो खरवडून आणून फडक्यातून गाळायचा आणि तासभर निवळू द्यायचा, असं चाललं होतं. जनावरं बहुतेक विकली होती किंवा मेली होती. एवढ्या अडचणीत फुकट पाणी द्यायला आलेल्या माणसांच्या मनात काय आहे, असं त्यांनी विचारलं तर चुकलं कुठं, असं आता वाटतं. तेव्हा मात्र मला राग आला होता.

माझी राहायची सोय रखमाबाईंकडे झाली. साठीच्या पुढची, गळ्यात तुळशीची माळ, अंगानं काटक आणि नजर अशी की समोरच्याच्या सात पिढ्या शोधत फिरावी. नवरा नव्हता. भानुदास हा एकुलता मुलगा आणि गावात आमच्याविरुद्ध सगळ्यात मोठ्यानं बोलणारा तोच. पहिल्याच दिवशी तिनं मला दाराशी थांबवलं.

"मूळच्या कोन तुमी?"

"ख्रिस्ती आहोत, आजी."

"ते आत्ताचं झालं. त्याच्या आदीचं इचारते मी."

"मास्तरांची मुलगी आहे मी."

तिनं माझ्या इस्त्रीच्या लुगड्याकडे, नखांकडे, बोलण्याकडे पाहिलं आणि मनाशी काहीतरी ठरवलं. "मोठ्या घरच्या दिसता. कुनीतरी फसवून बाटवलं आसंल," असं म्हणून तिनं मला आत घेतलं. मी गप्प राहिले. चुलीपासून हातभर अंतरावर माझं ताट पडायला लागलं. मिलोची, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीची तांबडी भाकरी, थापताना चिरा पडणारी आणि गार झाली की दाताला दाद न देणारी, आणि सोबत हुलग्याचं पातळ माडगं. ते माडगं वाढताना ती पळीनं दोनदा ढवळायची म्हणजे खालचे हुलगे माझ्या वाट्याला यावेत. ते हुलगे मी खात होते ते कुणा दुसऱ्याच मुलीच्या नावावर, हे मला प्रत्येक घासाला आठवायचं आणि तरी मी खायचे. बाहेर दिवसभर मशीनची धडधड. घरातली भांडी फळीवर थरथरत आणि रखमाबाई एक हात त्यांच्यावर ठेवून दुसऱ्या हातानं काम करायची.

पाचव्या दिवशी शाळेच्या मैदानात पाणी लागलं. आधी धूळ, मग करडा राडा आणि मग खरंच पाणी. भानुदाससुद्धा धावत आला. मशीनवरचा जोसेफ मद्रासकडचा होता. मराठी जेमतेम. त्यानं हापसा बसवायला घेतला. हापशाचा दांडा वर दिसतो, पण पाणी उचलणारा दट्ट्या खाली पाइपाच्या तळाशी असतो आणि त्याला वाटीच्या आकाराचे चामड्याचे वायसर लागतात. जोसेफनं खोकं उघडून सहा वायसर पोत्यावर मांडले. तेलानं माखलेले, काळपट, मऊ. 

"हे चामडं हाय," भानुदास म्हणाला. "पान्यात चामडं?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मग मोटेचं पानी न्हवतो का पीत आपुन?"

उत्तर रखमाबाईनं दिलं. "मोट आपल्या गावच्या मेलेल्या जनावराची आसती. आपल्या डोळ्यादेखत शिवल्याली. ह्ये कुठल्या मुलखाचं, कशाचं, आनि मेलेल्याचं का मारलेल्याचं, सांगा की कुनीतरी. आनि वर ह्यो चरबीचा लेप!"

साळवे पाळक मनानं भला माणूस. कुणालाही दुखवायचं नाही, हा त्यांचा बाणा. चामडं म्हशीचं आहे, असं त्यांनी ठोकून दिलं. त्यांना ते ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. मग म्हणाले, "आणि चरबीचा संशय असेल तर तुमच्यासमोर धुऊन काढतो. करुणा, गरम पाणी आणि धुण्याचा सोडा आण."

मी सोडा आणला. सगळ्या गावासमोर घमेल्यात ते सहाही वायसर घातले आणि चोळचोळ चोळले. पहिल्याच वायसरला माझ्या अंगठ्याला कळलं की काय होतंय ते. तेल सुटून पाण्यावर आलं आणि चामडं खरखरीत, पांढुरकं, निर्जीव लागायला लागलं. आजोबा असते तर त्यांनी घमेलं लाथेनं उलटं केलं असतं. मला सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, तुला काय ठाऊक चामड्यातलं? रखमाबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मी बोलले नाही. सहाही वायसर धुऊन उन्हात वाळत टाकले आणि साळवे पाळकांनी मला शाबासकी दिली.

तीन दिवस हापसा चालला. बायका हंडे घेऊन रांगेत भांडत होत्या आणि ते भांडण ऐकून मला हायसं वाटत होतं. चौथ्या दिवशी सकाळी दांडा हलका पडला. कितीही हापसा, खालून नुसता सुस्कारा. अर्ध्या तासात गावात बातमी फिरली की मिशनवाल्यांनी पाणी बंद केलं. "तीन दिस चव दावली. आता म्हनतील, बाटा, मंग सोडतो," असं भानुदास पारावर बसून सांगत होता. इकडे आमच्यातही तेच चाललं होतं. जोसेफनं तीन पायांचं तिकाटणं उभं करून सगळे पाइप वर ओढून काढले. वायसर चिरफळ्या होऊन हातात आले. असं तीन दिवसांत होणं शक्यच नाही, कुणीतरी बोअरमध्ये काहीतरी ओतलं, असं त्याचं म्हणणं. खोक्यातले उरलेलेही तसेच कडक आणि तडकलेले. नवे पुण्याहून यायला पंधरा दिवस लागणार होते आणि मशीनला पुढच्या गावी जायचं होतं. साळवे पाळक शाळेच्या पायरीवर बसले आणि त्यांनी कागद काढला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"काय लिहिता?" मी विचारलं.

"जामखेडला फौजदाराकडे तक्रार. भानुदासचं नाव घालतोय. पहिल्या दिवसापासून त्याच्या मनात काळं होतं."

समोर रिकामा हंडा कडेवर घेऊन रखमाबाई उभी होती. मुलाचं नाव ऐकून तिच्या हातून हंडा घसरला आणि मैदानात घरंगळत गेला. कुणी तो उचलला नाही. भानुदास वाईट बोलायचा, पण त्यानं काही केलं नव्हतं, आणि हे त्या मैदानात एकट्या मला माहीत होतं. 

"तक्रार देऊ नका," मी म्हटलं. "सोड्यानं झालंय. मी धुतले तेव्हाच मला कळलं होतं."

साळवे पाळकांनी लेखणी थांबवली. "तुला काय कळतं चामड्यातलं?"

ठरलेला प्रश्न ठरलेल्या जागी आला. "माझे आजोबा मोटा शिवायचे," मी म्हटलं. "गावोगाव जाऊन. मी त्यांच्याजवळ बसायचे."

 रखमाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नखांकडे. मला वाटलं, आता थुंकेल. पण ती फक्त म्हणाली, "मंग आता काय करायचं त्ये सांग." अहोजाहो त्या एका वाक्यात संपलं. आणि मला त्याचं वाईट वाटलं का बरं वाटलं, हे मी आजही नक्की सांगू शकत नाही.

गावात चामड्याचं काम करणारं एकच घर होतं आणि ते दुष्काळात साखर कारखान्याकडे निघून गेलं होतं. मी रखमाबाईला विचारलं, जुनी मोट कुणाकडे आहे का. इंजिन आल्यापासून तिच्याच गोठ्यात आढ्याला एक टांगलेली होती. भानुदास ती उतरवून घेऊन आला. बाकी सगळी वाळून खडखडीत झाली होती, पण तोंडाच्या लोखंडी कड्यापाशी दुमडलेल्या भागात जुनं वंगण अजून जिवंत होतं. मी वाकवून पाहिलं, हुंगलं, अंगठ्यानं चोळलं. लोक माझ्याकडे बघत होते आणि मला पहिल्यांदाच कुणाच्या बघण्याची पर्वा वाटली नाही. रापी नव्हती. भानुदासचं खुरपं दगडावर घासून घासून धार आणली आणि त्या खुरप्यानं मी तुकडे कापले. हात दोनदा कापला. तुकडे रात्रभर पाण्यात भिजवले, जोसेफनं दिलेल्या पाइपाच्या तुकड्यात दाबून वाटीसारखे केले, सावलीत सुकवले आणि मग एरंडेल मागितलं. रखमाबाईच्या घरात घरचं काढलेलं होतं. तेलाचा मातीचा बुधला तिनं स्वतः आणून माझ्यासमोर ठेवला. मी दिवसभर चोळत बसले. चामडं तेल पीत होतं, आणि ते पितंय तोवर पाजत राहायचं एवढंच मला करायचं होतं.

त्या दुपारी माझं ताट बाहेर ओट्यावर आलं. चुलीपाशी नाही, ओट्यावर. भाकरी तीच, माडगंही तेच. रखमाबाईनं ताट वरून अलगद टेकवलं आणि मागे सरली. मी जेवले. माडग्यात हुलगे भरपूर होते, म्हणजे पळी ढवळली होती. त्या एका ताटाचा हिशेब मला आजवर लागलेला नाही. संध्याकाळी साळवे पाळक मला बाजूला घेऊन म्हणाले, "देवानं तुझा उपयोग करून घेतला. पण हे आवारात बोलू नकोस हं. उद्या बाबांना तुझं लग्न जमवायचंय." ओट्यावरच्या ताटापेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. तक्रारीचा कागद मात्र त्यांनी माझ्यासमोर फाडला.

तिसऱ्या दिवशी पाइप पुन्हा खाली सोडले. भानुदास दांड्यावर होता. पंधरा-वीस वेळा नुसता सुस्कारा आला, आणि मला वाटलं संपलं सगळं, आता आपली धडगत नाही. मग दांडा जड झाला आणि पाणी आलं. कुणी पुढे होईना. रखमाबाईनं ओंजळ पुढे केली, भरली आणि पिण्याआधी मान वळवून मला विचारलं, "आमच्याच मोटंचं हाय न्हवं ह्ये?"

"तुमच्यासमोरच कापलं की, आजी."

तिनं पाणी प्यायलं. पुन्हा ओंजळ भरली. मग हंड्यांचा एकच खणखणाट झाला आणि रांगेत पुन्हा भांडण लागलं.

निघायच्या दिवशी माझ्याकडे आणखी चार वायसर तयार होते. ते गावात कुणाकडे तरी ठेवायला हवे होते आणि तेलात ठेवायला हवे होते. मी पारावर विचारलं तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघायला लागला. चामडं घरात कोण ठेवणार? शेवटी रखमाबाई पुढे आली. "आन हिकडं," असं म्हणून तिनं ते माझ्या हातातून घेतले, हाताला हात लागला तरी घेतले, आणि एरंडेलाच्या बुधल्यात एकेक करून सोडले. तो बुधला चुलीशेजारच्या कोनाड्यात गेला. माझं ताट शेवटच्या दिवशीही ओट्यावरच होतं.

घरी आले तेव्हा तिन्हीसांज होती. आई दारात तांदूळ निवडत होती. मी पायरी चढले आणि तिचे हात थांबले. नाक वर करून तिनं वास घेतला. साबणानं कितीही घासूनही कातड्याचा तो वास माझ्या बोटांत होता. मी वाट पाहत होते की आता तिचं तोंड सुटेल. मी सगळं सांगून टाकलं. सोडा, मोट, सगळ्या गावासमोर काय बोलले तेही. लपवायला काही उरलं नव्हतं आणि लपवायचा कंटाळाही आला होता. आई ऐकत राहिली. मधे तिनं फक्त माझा कापलेला हात उलटासुलटा करून बघितला.

"कशानं कापलंस?"

"खुरप्यानं. रापी कुठून आणणार? ती तर तू भंगारात दिलीस."

आई उठली. आतल्या खोलीत गेली आणि धान्याच्या कणगीमागे हात घालून काहीतरी ओढलं. पत्र्याची पेटी होती ती. बाजेखालून कणगीमागे, एवढाच प्रवास त्या पेटीनं केला होता. आईनं झाकण उघडून रापी काढली. नऊ वर्षांत पात्याला गंजाचा ठिपका नव्हता. मूठ तेलानं चमकत होती. नऊ वर्षं बाबांना आणि मला नकळत तिनं ती पुसली होती, तेल पाजलं होतं.  आईनं रापी माझ्या हातात ठेवली आणि तांदळाचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"खुरप्यानं कुणी कातडं कापतं का?" ती म्हणाली.